न बिघडलेले बेअरिंग

मोडलेल्या यंत्राच्या दुरुस्तीचा निर्णय मालकाला फारसा घ्यावाच लागत नाही. मोडतोडच तो त्याच्याकडून घेववते. परंतु जे यंत्र सुरळीत चालले आहे, ज्याच्या आवाजात किंवा ओढीत तिळमात्र उणेपणा जाणवत नाही, त्याच्या पोटात हात घालून एक धडधाकट दिसणारा भाग बाहेर काढावा आणि त्या जागी दुसरा बसवावा, असे ठरविण्यास निराळ्याच प्रकारचे धैर्य लागते. न्यू जर्सीतील माझ्या घरी २००३ सालची पोर्शे बॉक्स्टर एस आहे. तिचा क्लच आता बदलण्यास आला आहे, आणि त्या निमित्ताने तिच्या इंजिनातील मुठीत मावेल एवढ्या एका बेअरिंगचा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला आहे.

बॉक्स्टर १९९६ साली आली ती पाण्याने थंड होणारे एम-९६ हे नवे इंजिन घेऊन. या इंजिनात क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टकडे थेट जात नाही. ती साखळीने आधी इंटरमीडिएट शाफ्टला मिळते आणि तेथून दुसऱ्या साखळ्यांनी पुढे जाते. या शाफ्टचे फ्लायव्हीलकडील टोक एका बंदिस्त बॉल बेअरिंगवर फिरते. कारखान्यात भरलेले ग्रीस सील जन्मभर धरून ठेवील, अशी त्यामागची अपेक्षा. प्रत्यक्षात मात्र उष्णतेने सील कडक होते, इंजिनातले तेल आत झिरपते, ग्रीस धुऊन नेते आणि स्वतः तेथेच कोंडून निकृष्ट होत राहते, म्हणजे चहूकडे तेल खेळत असलेल्या इंजिनात हा एकच अवयव ताज्या तेलाला पारखा होतो. बेअरिंग फुटले की शाफ्ट डगमगतो, साखळ्यांचा मेळ सुटतो, झडपा पिस्टनवर आदळतात आणि क्षणार्धात सबंध इंजिन निकामी होते. हान्स मेझगर यांनी रचलेल्या जुन्या ९११ च्या इंजिनात हाच शाफ्ट साध्या बेअरिंगमध्ये, दाबाने येणाऱ्या तेलाच्या पटलावर फिरत असे. ही विद्या त्या घराण्याला पूर्वीपासून अवगत असूनही येथे वापरली गेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

अमेरिकेतील न्यायालयात या दोषाबद्दल सामूहिक दावा दाखल झाला आणि २००१ ते २००५ या काळात बनलेल्या मोटारींपुरता तो तडजोडीने मिटला. त्या प्रकरणात पुढे आलेले आकडे आजही सर्वांच्या तोंडी आहेत: गोळ्यांची एकच रांग असलेल्या बेअरिंगांपैकी सुमारे ८ टक्के निकामी झाली, दोन रांगांच्या पूर्वीच्या बेअरिंगांत हेच प्रमाण सुमारे १ टक्का होते. माझी मोटार एका रांगेच्या वर्गातील. शंभरांतील ब्याण्णव जणांना ज्याची झळ लागली नाही त्याचा धसका का घ्यावा, असे माझे स्नेही विचारतात, आणि त्यांचा प्रश्न गैरवाजवी नाही. परंतु टक्केवारी हा समूहाचा हिशेब आहे; माझ्या पदरी मोटार एकच आहे, आणि तिचे इंजिन गेले तर दुसऱ्या इंजिनाचा खर्च तिच्या बाजारभावाहून अधिक होऊन ती भंगारातच जमा व्हायची. संकटाची शक्यता अल्प असली तरी त्याचे निवारण अशक्य असेल, तर ती अल्पता मला पुरेसा दिलासा देऊ शकत नाही.

आमच्या कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात, ते छप्पर गळते म्हणून नव्हे. माणूस कौलांवर चढतोच आहे तर तडकलेले कौल त्याच वेळी बदलावे, हा त्यातला सुज्ञ व्यवहार आहे. येथेही बेअरिंगपर्यंत पोहोचायचे तर गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावे लागते; क्लचसाठी ते उतरणारच आहे, तेव्हा मजुरीचा मोठा भाग एकदाच पडतो.

तथापि, नवे बेअरिंग बसविण्याआधी इंजिनाची कैफियत ऐकली पाहिजे, आणि ती ऑइल फिल्टरमध्ये लिहिलेली असते. आमच्या मेकॅनिकने फिल्टरचा कागद कापून त्याच्या घड्या दिव्याखाली एकेक करून उलगडल्या आणि प्रत्येक घडीवरून चुंबक फिरविले. तपकिरी प्लॅस्टिकचे दोन कण निघाले. ते साखळीच्या मार्गदर्शक पट्टीचे, वयोमानानुसार सुटणारे. चुंबकाला मात्र काहीच चिकटले नाही. पोलादाचा चुरा सापडला असता तर नवे बेअरिंग व्यर्थ ठरले असते, कारण तो चुरा एव्हाना तेलाबरोबर सर्वत्र पोहोचलेला असतो आणि संपूर्ण इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. त्याच मेजावर दुसऱ्या एका मोटारीतून काढलेले बेअरिंग पडले होते. मी ते बोटांत धरून फिरविले. ग्रीसचा मागमूस नव्हता, काळपट पातळ तेल बोटांना लागले, आणि गोळ्या खरखरत होत्या. ती मोटार आदल्या दिवसापर्यंत विनातक्रार धावत होती.

सिरॅमिक गोळ्यांचे बेअरिंग स्वस्त पडते व पुष्कळांना ते पुरते. परंतु मी साध्या बेअरिंगचा पर्याय निवडला आहे, ज्याला फिल्टरच्या बैठकीपासून येणारी बारीक नळी गाळलेले तेल दाबाने पुरविते. खर्च जास्त आहे, पण मूळ दोष तेलाच्या वंचनेचा असल्याने त्याचा बंदोबस्त तेलानेच व्हावा, हे मला पटते.

ज्या वाचकांजवळ २००५ पर्यंतची अशी मोटार असेल त्यांनी क्लचच्या कामाची तारीख ठरविण्यापूर्वी फिल्टर उघडून पाहावा. २००६ ते २००८ च्या इंजिनांतील बेअरिंग आकाराने मोठे व अधिक भरवशाचे आहे, मात्र इंजिनाचे दोन भाग केल्याखेरीज ते बाहेर निघत नाही. तेव्हा त्यांच्या मालकांनी तेल मुदतीच्या आधी बदलावे आणि मोटार महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.