जोडीनं वाचायच्या कादंबऱ्या

जेनचं लग्न तोंडावर आलेलं. रात्री जाग येते, तर खोलीत मेणबत्तीचा उजेड आणि एक धिप्पाड बाई. ती लग्नाची जाळीदार ओढणी उचलते, स्वतःच्या डोक्यावर घेते, आरशात बघते. मग टरकन फाडून पायाखाली तुडवते. शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मधला (१८४७) हा प्रसंग वाचताना आपण जेनसाठी घाबरतो. ही बाई म्हणजे जेनचा नवरा होऊ घातलेल्या रॉचेस्टरनं जमैकाहून आणलेली बायको, वेडी म्हणून तिसऱ्या मजल्यावर कोंडलेली. आरशात बघताना तिला काय आठवलं असेल, हे तिथं कुणीच विचारत नाही.

ते विचारलं डॉमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हीसनं, १९६६ साली. ‘वाइड सारगासो सी’मध्ये त्या बाईला आंत्वानेत हे नाव मिळतं, बालपण मिळतं, माहेरची बाग मिळते. इंग्लंडातल्या थंड खोलीत ती आपला लाल झगा जवळ घेते. त्याला वाळ्याचा, चाफ्याचा, दालचिनीचा वास येत राहतो. त्यानंतर ‘जेन एअर’ पुन्हा उघडावी. ओढणी तीच फाटते, जीव मात्र दुसरीसाठी तुटतो.

म्हणून इंग्रजी कादंबरी निवडायची कशी, असं कुणी विचारलं की मी जोडी सुचवते. एक जुनी आणि तिच्याशी बोलणारी एक नवी. अशी जोडी हाती आली की भयकथा, प्रेमकथा, विज्ञानकथा या पाट्या आपोआप गळून पडतात. मेरी शेलीनं अठराव्या वर्षी लिहायला घेतलेलं ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ साली आलं. त्यातला तो कुरूप जीव झोपडीच्या फटीतून एका कुटुंबाला न्याहाळत भाषा शिकतो, रानात सापडलेले ग्रंथ वाचतो. आपल्याला माणसात घ्यावं, एवढीच त्याची आस. काझुओ इशिगुरोच्या ‘नेव्हर लेट मी गो’मधली (२००५), माणसांच्या प्रतिकृती म्हणून घडवलेली मुलं चित्रं काढतात; त्यांनाही आत्मा आहे, याचा पुरावा म्हणून ती चित्रं जमवली जातात. जवळपास दोन शतकांच्या अंतरावरून दोघंही एकच दार ठोठावत असतात.

जुन्या इंग्रजीची लांबलचक वाक्यं जड वाटत असतील, तर नव्यापासून सुरुवात करावी. बार्बरा किंगसॉल्व्हरच्या ‘डीमन कॉपरहेड’मध्ये (२०२२) अमेरिकेच्या डोंगराळ मुलखातला एक पोरका मुलगा नशेच्या गोळ्यांनी पोखरलेल्या गावांत वाढतो. त्याचा लळा लागला की या जोडीतल्या जुन्या कादंबरीचा नायक, डिकन्सचा डेव्हिड कॉपरफील्डही आपलाच वाटू लागतो, आणि जाडजूड पुस्तकाचा धाक उरत नाही.

गाजलेल्या शंभर पुस्तकांच्या याद्या पुष्कळ मिळतात. त्यांच्यामागं धावू नये. हातातली कादंबरी मन लावून वाचावी आणि तिच्यात कुणाचं म्हणणं ऐकायचं राहून गेलं, ते ध्यानात ठेवावं. पुढची कादंबरी त्याच माणसाला विचारून निवडावी.