कानाला दडे बसतात तेव्हा

मैत्रिणींनो, न्हाऊन उठावं आणि एक कान गच्च व्हावा, हे आपल्यापैकी कुणाला नवीन आहे? आत कापूस कोंबल्यासारखं वाटतं, आपलाच आवाज घागरीतून आल्यासारखा घुमतो. मग शेजारीण लसूण घालून कडवलेलं तेल सुचवते, सासूबाई डोक्याची पिन काढून देतात, आणि आपण मान कलती करून एका पायावर उड्या मारतो. दडा निघाला तर बरं, नाही तर तसंच पोळ्यांना लागायचं. कानासाठी का कुणी दवाखान्यात जातं!

पण सगळेच दडे सारखे नसतात. कोणता घरी निघतो आणि कोणत्यासाठी लगेच उठून निघावं, एवढं आपल्याला कळलंच पाहिजे.

सर्वात साधा दडा मळाचा. कानातला मळ म्हणजे घाण नव्हे. तो धूळ अडवतो आणि जेवता-बोलताना जबडा हलतो तसा आपला आपण बाहेर सरकतो. कानाची ही वाट जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, आणि तिच्या टोकाला नाजूक पडदा. पिन, काडी, किल्ली, अगदी कापूस लावलेली तयार काडीसुद्धा मळ बाहेर काढण्याऐवजी आत ठासते. त्यात न्हाताना पाणी गेलं की मळ फुगतो आणि बूच बसतं. अशा वेळी औषधाच्या दुकानात मिळणारे सोडा-ग्लिसरीनचे थेंब चांगले. बाटली मुठीत धरून कोमट करावी, कुशीवर निजून तीन-चार थेंब घालावेत आणि पाच-दहा मिनिटं तसंच पडून राहावं. दिवसातून दोन-तीनदा, असे चार-पाच दिवस. सुरुवातीला दडा वाढल्यासारखा वाटेल. मळ भिजून फुगतो म्हणून. घाबरू नका. तरीही निघाला नाही तर डॉक्टरांकडून कान धुऊन घ्यावा. मात्र कान कधी वाहिला असेल, पडद्याला छिद्र असेल किंवा कानाचं ऑपरेशन झालं असेल, तर विचारल्याशिवाय एक थेंबही घालू नये. कडवलेलं तेल तर कुणाच्याच कानात नको, तान्ह्या बाळाच्याही नाही. पावसाळ्यात तेलकट, ओल्या कानात बुरशी धरते, खाज सुटते, आणि पुन्हा दडा.

दुसरा दडा हवेचा. बीडहून अंबाजोगाईला निघालात की मांजरसुंब्याचा घाट लागतो. त्या चढउतारात कान बंद झाल्यासारखे होतात, ते पडद्यामागच्या हवेमुळे. तिथून घशाच्या मागे उघडणारी एक बारीक नळी असते. घाट चढताना आतली हवा सहज निसटते. उतरताना बाहेरची हवा आत शिरायला मात्र नळी उघडावी लागते, म्हणून उतरताना जास्त त्रास. आवंढा गिळा, जांभई द्या, मुलांना गोळी चघळायला द्या. सर्दीत हीच नळी सुजते. तेव्हा मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि सावधपणे घेतलेली वाफ यांनी घशा-नाकाला आराम पडतो; नाक मात्र जोराने शिंकरू नये. लहान मुलांची नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे पडद्यामागे पाणी साचतं. मूल हाकेला ओ देत नसेल, टीव्ही मोठा लावत असेल, तर ‘लक्षच देत नाही’ म्हणून धपाटा घालण्याआधी त्याचा कान दाखवा.

आता तिसरा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. आमच्या घरी महालक्ष्म्या बसल्या होत्या. जेवणाच्या दिवशी सकाळी धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, “ताई, डावा कान उठल्यापासून गच्च झालाय, आत शिट्टी वाजतीय. मळच असंल. लक्ष्म्या जेवू घालू, मग बघू.” ना सर्दी, ना दुखणं. पण त्या कानाला लावलेला फोन त्यांना मुळीच ऐकू येईना. मी त्यांना ओठ मिटून ‘हूं’ करत गुणगुणायला सांगितलं. मळाचा किंवा सर्दीचा दडा असला की हा आवाज बंद कानात मोठा वाटतो. त्यांना तो चांगल्या कानात वाटला. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, घर पाहुण्यांनी भरलेलं. तरी पंगत उठता उठता दिरांना गाडी काढायला लावली. सासूबाई रागावल्या. “एवढं काय मरण आलंय?” म्हणाल्या.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मळ नाहीच. आतल्या कानाचंच ऐकणं अचानक गेलंय. याला गोळ्या असतात, पण त्या पहिल्या काही दिवसांतच खऱ्या उपयोगी पडतात. दोन आठवडे उलटले की आशा फार कमी होते. जाऊबाईंचं ऐकणं महिनाभरात बरंचसं परत आलं. बारीक शिट्टी अजून आहे.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. एका कानाचं ऐकणं अचानक कमी झालं, दड्याबरोबर गरगरलं, तोंड वाकडं झालं किंवा डोक्याला मार लागला असेल, तर त्याच दिवशी निघा. कान वाहत असेल, किंवा घरात मधुमेह असलेल्या कुणाचा कान रात्री झोपू देत नसेल, तरीही थांबू नका. एकाच कानाचा दडा दोन-तीन आठवडे हटत नसेल, तर तोही दाखवा. गुणगुणून पाहणं ही नुसती खूण आहे, तपासणी नव्हे. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला १९७४ साली निघालेलं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे. दरवेळी पुण्या-संभाजीनगरची वाट धरावी लागत नाही.

घरात कुणाचा कान दुखला तर आपण रात्री उठून बसतो. स्वतःचा कान बंद झाला की ‘सण होऊ दे, परीक्षा होऊ दे, पाहुणे जाऊ दे’ म्हणतो. सण पुढच्या वर्षी पुन्हा येतो. गेलेलं ऐकणं तसं येईलच असं नाही.