एक बिंदु आणि अनेक वाटा

परांडे तालुक्यांतील सोनारीस काळभैरवनाथाच्या दर्शनास जाऊन आलेल्या वाचकांस तेथील माकडांची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. हातांतील नारळ एकदां हिसकावला गेला म्हणजे ती ओळख आपोआप पक्की होते. आम्हांस मात्र भिंतीवरून झाडाकडे झेपावणारें माकड पाहिलें कीं गणितांतील एक प्रश्न आठवतो : दिलेल्या बिंदूंतून जाणाऱ्या वक्ररेषेचें समीकरण काढा.

बारावीचीं मुलें हा प्रश्न बिनचूक सोडवितात. वक्राचा उतार सर्वत्र २क्ष असून तो (१, ३) या बिंदूंतून जातो, एवढें सांगितलें कीं य = क्ष² + क असें लिहावयाचें, बिंदूचे अंक घालून क = २ काढावयाचा आणि उत्तराखालीं रेघ ओढावयाची. आमच्या घरांतील एका मुलीनें "हा क आला कोठून?" असें विचारलें, तेव्हां तिच्या शिकवणीवाल्यांनीं "परीक्षेंत तें विचारीत नाहींत" असें उत्तर दिलें. त्यानंतर ती गणित सोडण्याच्या गोष्टी बोलूं लागली.

वास्तविक तिचाच प्रश्न खरा होता. वक्ररेषा आहे तशी वर उचलली किंवा खालीं उतरविली तरी तिचा उतार बदलत नाहीं. म्हणून नुसत्या उतारावरून तिची उंची कळत नाहीं. न कळलेल्या त्या उंचीचेंच नांव क. एकावर एक अशा अगणित वक्ररेषा पसरल्या आहेत, आणि कागदावरील कोणताही बिंदु त्यांपैकीं एकीवरच सांपडतो. बिंदु दिला कीं निवड झाली.

मग एकाच भिंतीवरून निघालेलीं माकडें निरनिराळ्या वाटांनीं कशीं जातात? हें तिला आम्हीं सोनारीसच विचारलें. तेथें निसर्ग उतार सांगत नाहीं. वेग कसा बदलतो एवढेंच सांगतो. त्यामुळें अज्ञात अंक दोन होतात आणि बिंदूच्या जोडीला उडीचा वेग व दिशा ठाऊक असावी लागते. समजा, माकडानें सेकंदाला ४ मीटर वेगानें आडवी उडी घेतली; सेकंदाअखेर तें ४ मीटर पुढें आणि सुमारें ५ मीटर खालीं असेल. हवेचा विरोध सोडला तर ही वाट परवलयाची होते, हें गॅलिलिओनें १६३८ सालच्या ग्रंथांत मांडलें. भिंत व फांदी हे दोन्ही बिंदु आणि वेग ठरविला, तर फांदी आटोक्यांत असतां बहुधा दोन वाटा निघतात, एक सखल व एक उंच. माकड सखल वाट पत्करतें. त्याचें गणित आमच्यापेक्षां जलद आहे.

अशाच वाटांच्या समूहांचा अभ्यास गोव्यांत जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनीं केला. १९३३ सालीं जर्मनींतील गणिताच्या नियतकालिकांत त्यांचा निबंध आला आणि त्याच्या लगोलग एली कार्तां यांचें त्यावरील विवेचन छापलें गेलें. १९३९ सालीं चर्न यांनीं त्यांत भर घातली. आज तो सिद्धांत तिघांच्या नांवानें ओळखला जातो. त्या वर्षांत कोसंबी पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयांत मुलांना गणित शिकवीत होते.