पन्हळीतला मेपल

मे महिना आला की न्यू जर्सीतल्या घरांच्या पन्हळी हिरव्या दिसू लागतात. हिवाळाभर साठलेल्या पाचोळ्याची तिथेच काळी माती झालेली असते. वरून पाऊस, आणि वाऱ्यावर आलेलं कुणाचं तरी बी. एडिसनच्या आसपास मराठी बिऱ्हाडं पुष्कळ. सुट्टीच्या सकाळी शिडी लावून पन्हळ साफ करताना त्यांच्या हाताला बोटभर उंचीची जी रोपं लागतात, त्यांत मेपल हमखास असतो. बोन्सायचा नाद लागलेला माणूस ती तणाबरोबर फेकत नाही. आधी निरखून पाहतो.

मेपलचं बी ओळखायला शिकवणी लागत नाही. दोन पंख जोडीने येतात, प्रत्येकाच्या बुडाशी एक दाणा. झाडावरून सुटलं की भिरभिऱ्यासारखं गरगरत उतरतं. रोपाचं तसं नाही, कारण मेपल जन्मतः मेपल दिसतच नाही. आधी मातीतून दोन लांबट, गुळगुळीत बीजदलं वर येतात. मग खऱ्या पानांची पहिली जोडी. जपानी मेपलमध्ये ती बहुधा साधीच असते, कडा तेवढ्या दातेरी; कुठल्याही तणाची म्हणून सहज खपेल. पाच-सात बोटांचं ते देखणं पान पुढच्या जोड्यांमध्ये हळूहळू उमटतं.

तोवर पानाच्या आकारावर विसंबू नये, मांडणी पाहावी. मेपलची पानं समोरासमोर फुटतात आणि पुढची जोडी आधीच्या जोडीला काटकोनात येते. काश्मीरचा चिनार इथेच उघडा पडतो. सहलीच्या फोटोंखाली ज्याला आपली मंडळी हौसेने ‘मेपल’ म्हणतात, त्याची पानं एकाआड एक असतात, आणि त्याचं कूळही वेगळं. अमेरिकेत तर ही खूण अंगाची आग वाचवते. बॉक्स एल्डर नावाच्या मेपलचं रोप तीन पर्णिकांचं, आणि अंगावर फोड उठवणारी पॉयझन आयव्हीही तीन पर्णिकांची. पानं समोरासमोर असली तर मेपल. एकाआड एक असली तर हात मागे घ्यावा.

मेपल ठरला, तरी कुठला? सिल्व्हर मेपल आणि रेड मेपल यांचं बी वसंत सरता सरता पिकतं आणि पडल्यावर बहुधा लगेच रुजतं, म्हणून पन्हळीत भरणा त्यांचाच. रस्त्याकडेच्या नॉर्वे मेपलच्या पानाचा देठ मोडला की पांढरा चीक येतो. ही सगळी झाडं थोरामोठ्यांची. पानं मोठी, देठ लांब. वीतभर उंचीच्या झाडावर तळहाताएवढी पानं काही केल्या शोभत नाहीत. बोन्सायवाल्यांचा जीव जडतो तो जपानी मेपलवर, म्हणजे एसर पामेटमवर, आणि तीन टोकांच्या पानाच्या ट्रायडंट मेपलवर. हा दुसरा मूळचा चीनचा, पण नाव काढलं ते जपानात.

जपानी मेपलचं रोप शोधायचं तर शिडी नको, अंगणात वाकावं. त्याचं बी शरद ऋतूत गळतं, तीन-चार महिने ओल्या थंडीत निजतं आणि वसंतात जागं होतं. दारापुढच्या ‘ब्लडगुड’ जातीच्या लालबुंद मेपलखाली एप्रिलमध्ये शोधलं, तर काही रोपं लाल आणि काही चक्क हिरवी सापडतात. आई लाल म्हणून लेकरं लाल होतील याची खात्री नाही. नर्सरीवाले नावाजलेल्या जाती कलमाने वाढवतात ते यासाठीच. बोन्सायला मात्र हे बेभरवशाचं वाण सोन्यासारखं. एखाद्याच रोपाची पानं जन्मतःच बारीक आणि पेरं आखूड निघतात.

असं रोप मिळालं की लोक पहिली चूक करतात ती सुबक कुंडी आणण्याची. झाडाला उपाशी ठेवून खुजं करणं म्हणजे बोन्साय, हा गैरसमज काही केल्या मरत नाही. कुंडीत कोंडलेलं रोप दहा वर्षांनीही काडीच राहतं. बुंधा जाड होतो तो मोकळ्या वाढीने.

खरं काम मातीखाली सुरू होतं. दुसऱ्या वसंतात, डोळे फुगलेले पण उमललेले नाहीत अशा दिवसांत, रोप उपटून मुळं पाण्यात धुतात. मधोमध सरळ खाली गेलेलं सोटमूळ दिसतं; ते कात्रीने थेट वर कापायचं. उरलेली केसाएवढी मुळं काडीने विंचरून चारी बाजूंना पसरायची, खाली सपाट फरशी ठेवायची आणि वर माती टाकायची. खाली जायला वाट नाही म्हटल्यावर मुळं आडवी धावतात आणि काही वर्षांनी बुंध्याचं बूड जमिनीला घट्ट पकडल्यागत पसरतं. जपानी कलावंत त्सुतोमू एबिहारा हे मुळं लाकडी फळीवर मांडून खिळ्यांच्या आधाराने एकेकीला दिशा देत. मेपलची किंमत जाणकार या बुडावरूनच करतात.

खोडाला वळण द्यायचं तर कोवळेपणी, ॲल्युमिनियमच्या तारेने. वसंतात खोड भराभर फुगतं, आणि विसरलेली तार काही आठवड्यांत सालीत रुतते. मेपलच्या गुळगुळीत सालीवर तो वण वर्षानुवर्षं राहतो.

त्यानंतर चार-पाच वर्षं जमिनीत बेलाशक वाढू द्यायचं. झाड पुरुषभर उंच होतं. शेजारी विचारतात, हेच का तुमचं बोन्साय? मग एका वसंतात ते वीतभरावर छाटतात, बाजूच्या एका फुटव्याला शेंडा करतात आणि पुन्हा वाट पाहतात. समोरासमोरच्या फांद्यांतली एक काढून टाकायची, नाहीतर त्या जागी गाठ येते. पुढे बारीक फांद्या घडवताना पानांची जोडी उमलली की मधला कोंभ चिमट्याने खुडायचा.

हा व्याप कशासाठी, ते जपानात कळतं. 1923 च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायकार शहराबाहेर ओमियात सरकले आणि 1925 मध्ये त्यांची वसाहत उभी राहिली. तिचे जुने नियम मासलेवाईक होते: घरटी किमान दहा बोन्साय, फाटक सर्वांना उघडं, भिंतीऐवजी कुंपण झाडांचं, आणि दुमजली घर बांधायचं नाही. 1934 पासूनचं कोकुफू हे बोन्साय प्रदर्शन टोकियोच्या उएनोत फेब्रुवारीत भरतं. शरदातल्या रंगांसाठी जगाने डोक्यावर घेतलेला मेपल तिथे एकही पान न घेता मांडतात. लोक बूड, बुंधा आणि फांद्यांचं जाळं पाहतात. पानांमागे काहीच लपवता येत नाही, हीच त्यातली कसोटी.

पुण्या-मुंबईच्या हौशी वाचकांनी मात्र या नादात पडू नये. मेपलला खरीखुरी हिवाळी झोप लागते. ती मिळाली नाही की झाड खंगत जातं, आणि एप्रिलचं ऊन पानांच्या कडा जाळतं. हौस दांडगी असेल तर उंबर, वड, चिंच घ्यावी. मुळं पसरवण्याची रीत त्यांनाही लागू पडते. आणि ऑनलाइन दुकानांत निळ्याशार मेपलचं बी म्हणून जे पाकीट मिळतं, ते मुळीच घेऊ नये. निळ्या पानांचा मेपल जगात कुठेच नाही.