अडकित्ता

“हा केरिसनचा पंच,” डॉक्टर म्हणाले. मूठ पिस्तुलाची, काम मात्र आमच्या पानाच्या डब्यातल्या अडकित्त्याचे! चपटे टोक हाडाखाली सरकवून एकेक कण कातरायचा. खालच्या मज्जातंतूला धक्का लागता कामा नये.

सौ.च्या मणक्यांमधली चकती सरकली होती; पाऊल लुळे पडू लागले होते. सायटिकेचे हे मूळ बोस्टनच्या मिक्स्टर व बार यांनी १९३४ साली दाखवून दिले. सूक्ष्मदर्शकाखाली, लहानशा छेदातून अशी चकती काढण्याची रीत यासारगिल व कास्पार यांनी १९७७ साली प्रसिद्ध केली. एवढे वाचूनही संमतीपत्रावर सही करताना माझा हात कापलाच.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सौ. भिंत धरून चार पावले चालली. घरी आल्यापासून सुपारी मीच कातरतो, अगदी जपून!