टाकीतलं पाणी

जुनी बस घेऊन आम्ही तिचं फिरतं घर केलं. नातवाच्या अक्षराभ्यासासाठी निर्मल जिल्ह्यातल्या बासरला पोचलो. संध्याकाळी आमचे ड्रायव्हर अण्णा यांनी एअर ब्रेकच्या टाकीची तार ओढली आणि ओरडले, "गाळी अल्ल, नीरु!" हवेऐवजी तांबूस पाणी!

कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा तिच्यातल्या दमटपणाचं पाणी होतं. ते शोषायला ड्रायरमध्ये दाणे असतात. आमचे कधीच निकामी झाले होते. असं झालं की पाणी टाकीत साचतं, व्हॉल्व्ह गंजतात, ब्रेक ऐन वेळी दगा देतो. दोन वर्षं अण्णा सांगत होते. मी म्हणायचो, "चालतंय की!"

त्या जुन्या ड्रायरचे भाग आता मिळेनात. निजामाबादहून नवाच आणवला. एक दिवस मोडला. तोवर ज्ञानसरस्वतीसमोर नातवाने पाटीवर पहिलं अक्षर गिरवलं. त्याचा हात धरताना माझाच कापत होता. गेल्या दिवाळीत याच पोराला घेऊन आम्ही आंबोली घाट उतरलो होतो.

निघताना नवा ड्रायर 'फुस्स' झाला. नातू दचकला. अज्जी म्हणाली, "भिऊ नको, बस पाणी बाहेर टाकतेय."

आता रोज रात्री टाकीची तार मीच ओढतो.