कुलपावरचं नाव

मंगळवार. ऑफिसातली सामायिक हिशोबाची फाइल आज दिवसभर ‘फक्त वाचण्यासाठी’च उघडत होती. कुणी फाइल उघडली की लिब्रेऑफिस तिच्याशेजारी कुलूप म्हणून एक छोटी लपलेली फाइल ठेवतं. त्यात उघडणाऱ्याचं नाव, त्याचा संगणक आणि वेळ असते. मूळ फाइल बंद केली की ही छोटी फाइल पुसली जाते. संगणक मध्येच बंद पडला तर मागे उरते आणि बिनमालकाचं कुलूप लटकत राहतं.

गंमत म्हणजे लिनक्सवरचं ‘फ्लॉक’ हे कुलूपही बहुधा सल्लावजाच. ज्या प्रोग्रॅमने विचारलंच नाही, तो खुशाल आत लिहून जातो. म्हणजे सगळा मामला बसच्या सीटवर टाकलेल्या रुमालाचा!

कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालींतही कुलपाचा हा प्रश्न आलाच. १९८२च्या ‘आरसीएस’मध्ये एकाने कुलूप लावलं की बाकीचे ताटकळत. पुढे ‘सीव्हीएस’ने सगळ्यांना एकदम लिहू दिलं, बदल नंतर जुळवायचे. कोडच्या ओळी जुळतात; दोन चित्रं कशी जुळवणार? म्हणूनच ‘सबव्हर्जन’ने २००५मध्ये कुलूप परत आणलं. पण दुसऱ्याचं कुलूप तोडायची सोयही ठेवली. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. रजेवर गेलेल्या माणसाची वाट किती बघायची?